जावांची आठ फुटी टाकी

सांगलीत दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय हे फक्त परवाना देणारा माणूस वाचतो. पाटीवर ‘आरवाडे मत्स्यालय’ असलं तरी सगळं गाव त्याला ‘जावांचं दुकान’ म्हणायचं. थोरली जाऊ वैजयंती आणि धाकटी चारुशीला, दोघी मिळून सतरा वर्षं ते दुकान चालवत होत्या. त्यांचे नवरे मोटार रिवाइंडिंगच्या शेडमध्ये तारा गुंडाळत बसत आणि माशांच्या भानगडीत पडत नसत. सतरा वर्षांत जावांचं एकदाही भांडण झालं नव्हतं. वैजयंती हे ज्याला त्याला ऐकवायची. “आमच्यासारखा एकोपा जिल्ह्यात शोधून दाखवा,” म्हणायची, आणि शेजारी उभी असलेली चारू हसायची.

वैजयंती सत्तावन्न वर्षांची, आवाज खणखणीत, आणि हात असे की क्षणभर स्वस्थ बसतील तर शपथ. आज टाकीत झाड लावलं की उद्या ते दोन बोटं डावीकडे, परवा पुन्हा उजवीकडे. कुणाच्या घरी जेवायला गेली तरी बाह्या वर करून त्यांच्या टाकीत हात घालणार. पण बाईच्या नजरेत जादू होती, हे मान्यच करायला हवं. ओबडधोबड दगड आणि चार काड्या घेऊन ती काचेच्या पेटीत अख्खा ओढा उभा करायची. इचलकरंजीपासून कराडपर्यंतची माणसं तिला बोलावणं धाडत.

२०४१ साली मिरज रस्त्यावरच्या एका रुग्णालयात डायलिसिसचा नवा वॉर्ड सुरू झाला. तिथले पेशंट आठवड्यातून तीनदा, चार-चार तास खाटेवर पडून असतात. त्यांच्यासमोर काहीतरी जिवंत हवं, असा तिथल्या कुरणे सिस्टरनी हट्टच धरला. वरच्यांचं म्हणणं होतं, भिंतभर व्हिडिओचा पडदा लावू. त्यावर मासे पोहतील, घाण नाही, वास नाही, मरणं नाही.

“त्या पडद्याला दोन आठवड्यांत कंटाळतील,” कुरणे सिस्टर म्हणाल्या. “त्यातल्या माशांना कधी काही होतच नाही, तर बघायचं काय?”

शेवटी असं ठरलं, की जावांनी आठ फुटी टाकी बसवायची. एक नोव्हेंबरला शेवटचे मासे आत सोडायचे. सहा डिसेंबरपर्यंत टाकीला सरकारी दाखला मिळाला तर टाकी राहील. नाही मिळाला, तर ती उचलायची आणि पडदा लावायचा.

हा दाखला म्हणजे नवीन भानगड होती, ती जरा समजून घ्यावी लागेल.

मासा घाबरला की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं. माणसाच्याही वाढतं, परीक्षेच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या कुणाचंही रक्त तपासा. फरक इतकाच, की माशाचं कॉर्टिसॉल कल्ल्यांवाटे थोडं थोडं पाण्यात उतरतं. शास्त्रज्ञांना हे कधीपासून ठाऊक होतं, पण मोजायला प्रयोगशाळा आणि दोन-दोन दिवस लागायचे. मग डीएनएचे असे तोकडे धागे तयार झाले, की कॉर्टिसॉलचा रेणू भेटला की ते त्याला धरून ठेवतात आणि धरताना स्वतःची घडी बदलतात. धाग्याचं एक टोक सोन्याच्या पातळ पत्र्याला चिकटवलेलं. घडी बदलली की पत्र्यातला विजेचा प्रवाह बदलतो, तो मोजायचा. मग एक बारीकसा झटका देऊन रेणू सोडवायचा, की धागा पुन्हा मोकळा. टाकीच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी डबी लावली, की दर दहा मिनिटांनी शून्य ते शंभरमधला एक आकडा मोबाइलवर येतो. आकडा जितका मोठा, तितकं टाकीतलं भय मोठं.

सरकारी कागदावर या डबीचं नाव ‘ताणमापी’. धंद्यातली माणसं तिला ‘चुगलखोर’ म्हणायची. सार्वजनिक जागेतल्या टाकीचा आकडा सलग एकवीस दिवस वीसच्या वर जाता कामा नये, असा नियम. गेला, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

“येऊ दे की चुगलखोर,” वैजयंती म्हणाली. “माझ्या टाकीत कुणाला भ्यायचं कारणच काय?”

टाकीचा आराखडा चारूनं आलेखाच्या कागदावर काढला. तळाला काळ्या मातीचा थर, वर धुतलेली नदीची वाळू. मागे रिबिनीसारखं उंच वाढणारं वॅलिस्नेरिया, पुढे सावलीतलं क्रिप्टोकोरिन, मधोमध चिंचेचं मोठं मूळ आणि त्याला दोऱ्यानं बांधलेलं जावा फर्न. मासे तीन थरांत: वर सतत धावणारे झेब्रा डॅनिओ, मध्ये लाल चेरी बार्ब, तळाला वाळू चाळणारे कोरी. आणि मधाच्या रंगाच्या गुरामींची एक जोडी.

“गुरामी काय करायचेत? मिळमिळीत दिसतात,” वैजयंती म्हणाली.

“शांत असतात, अक्का. पेशंटना बरं वाटेल.”

“घाल बाई, तुझी हौस. बाकी सगळं तर मीच करणार आहे.”

सहा आठवडे टाकी नुसत्या पाण्याची आणि झाडांची ठेवली. माशांच्या विष्ठेतला अमोनिया विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात रुजायला तेवढा वेळ लागतो. वैजयंतीला हा काळ म्हणजे शिक्षाच. रोज सकाळी दहाला ती स्कूटरवरून वॉर्डात यायची, लांब चिमटा आणि कात्री काढायची आणि काहीतरी हलवून जायची. मासे आल्यावरही तिचा तो शिरस्ता सुटला नाही. दहाला यायचं, पंधरा मिनिटं कोपरापर्यंत हात पाण्यात, सव्वादहाला दुकानाकडे. खाणं घालायचं आणि फिल्टर धुवायचं काम चारूचं. ती दुपारी यायची.

पहिल्याच दिवशी पावणेअकराला आकडा त्रेचाळीसवर गेला.

वैजयंतीनं दुकानातून सिस्टरना फोन लावला. “आत्ता या घटकेला तिथं काय चाललंय?”

“काही नाही हो. शेवंतामावशी फरशी पुसतायत.”

झालं! दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं शेवंतामावशींना असं काही झापलं, की त्या बिचाऱ्या फरशी पहाटे पुसायला लागल्या. आकडा तरीही पावणेअकराला एक्केचाळीस. मग तिला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय. खिडकी कापडानं झाकली. आकडा पंचेचाळीस. टाकीत आडोसा कमी पडतोय म्हणून तिनं क्रिप्टोकोरिनची सगळी रोपं उपटून नव्या जागी लावली. आकडा एकोणपन्नास.

“हा तुझा गुरामी,” पाचव्या दिवशी तिनं निकाल दिला. “तो नर सगळ्यांना धाकात ठेवतोय. मिळमिळीत दिसणारेच आतल्या गाठीचे असतात.”

“अक्का, मला वाटतं...”

“वाटण्याचा प्रश्नच नाही. मला दिसतंय ना!” आणि तिनं त्याच संध्याकाळी नर गुरामी जाळीत धरून दुकानात आणला.

सहा तारखेला तिला जतला भाचीच्या साखरपुड्याला जावं लागलं. दिवसभर आकडा अकराच्या वर गेला नाही. मांडवातूनच तिनं चारूला फोन केला. “बघितलंस? गुरामीच होता!” पलीकडून चारू काहीतरी म्हणायला गेली आणि थांबली. “जेवून या सावकाश,” एवढंच म्हणाली.

सात तारखेला वैजयंती नेहमीसारखी दहाला वॉर्डात गेली, साखरपुड्यापायी राहिलेली छाटणी करून आली, आणि पावणेअकराला आकडा सेहेचाळीस झाला. तिनं कपाळाला हात लावला. सात दिवस गेले होते. एक एक दिवस वाया जात होता, आणि तो पडद्यावाला माणूस दोनदा येऊन भिंतीचं माप घेऊन गेला होता. आपण बसवलेली टाकी लोक उचलून नेतायत, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तेव्हा तिनं नको ती गोष्ट केली. धंद्यात नारळाच्या करवंटीचा एक खास कोळसा मिळतो. पाण्यातला रंग, वास, औषधाचा अंश, सगळं तो शोषून घेतो. कॉर्टिसॉलही घेतो. आठ तारखेला तिनं त्या कोळशाची पिशवी फिल्टरच्या डब्यात, स्पंजाच्या खाली दडवली. त्या दिवशी आकडा आठ. दुसऱ्या दिवशी सात. कुरणे सिस्टरनी पेढे आणले. वैजयंतीनं पेढा खाल्ला आणि मनाची समजूत घातली, की दाखला एकदा हातात पडू दे, मग सावकाश खरं कारण शोधू.

तीन नंबरच्या खाटेवर तासगावचे मगदूम सर असायचे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. खाट बरोबर टाकीसमोर. तेरा तारखेच्या बुधवारी वैजयंती हात पुसत होती, तेव्हा ते म्हणाले, “बाई, आकडा उतरला म्हणे. छान झालं. पण मासे कुठं गेले?”

“आहेत की. ते काय...” ती वळून बघायला लागली. आठ फुटांच्या टाकीत एकही मासा दिसत नव्हता. सगळे चिंचेच्या मुळामागे, एकमेकांना चिकटून.

“तुम्ही आलात की जातात तिकडं,” सर म्हणाले. “चांगला तासभर बाहेर येत नाहीत. धाकट्या बाई येतात तेव्हा मात्र कुणी हलत नाही. मला चार तास दुसरं काय काम आहे? बघत बसतो आपला.”

वैजयंतीला राग आला. काहीतरी लागट बोलणार होती, पण समोर हाताला नळ्या लावलेला माणूस, म्हणून गिळलं. “योगायोग असेल,” म्हणाली. तरी तिचं मन काही मानेना. तिनं चारूला फोन करून बोलावून घेतलं, काचेपाशी उभं केलं, आणि स्वतः वॉर्डाच्या दाराबाहेर जाऊन दाराच्या गोल काचेतून बघत राहिली. वीस-पंचवीस मिनिटांनी डॅनिओ बाहेर आले. मग बार्ब. चारूनं झाकण उचललं, हात आत घातला, एक सडकं पान काढलं. कोरी तिच्या बोटांजवळून वाळू चाळत गेले.

वैजयंती आत आली. टाकीपासून तीन पावलांवर होती, हातही उचलला नव्हता, आणि टाकी रिकामी झाली. मासे माणसं ओळखतात, हे ती गिऱ्हाइकांना इतकी वर्षं कौतुकानं सांगत आली होती.

तिनं चारूला बाहेरच्या बाकावर बसवलं.

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“चौथ्या दिवसापासून. तुम्ही सव्वादहाला निघता आणि पावणेअकराला आकडा चढतो. मासा घाबरल्यावर ते पाण्यात उतरायला अर्धा तास जातो. डबीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय. तुम्ही जतला होता, त्या दिवशी तर अगदी स्पष्टच झालं.”

“आणि कोळसा?”

“फिल्टर मीच धुते, अक्का.”

“मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?”

चारू दचकली. मग तिनं वैजयंतीकडे सरळ बघितलं. “हेच. हे असं. तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी घाबरते. आजच नाही, पहिल्यापासून. दुकानात तुमच्या स्कूटरचा आवाज आला की मी हातातलं काम तपासून बघते, काही चुकलंय का म्हणून. तुम्ही वाईट नाही हो. माझ्या बाळंतपणात तुम्ही केलंत तेवढं माझ्या आईनं केलं नाही. पण तुमच्यापुढं मला बोलताच येत नाही.”

वैजयंतीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आधी संताप आला. एवढं केलं, त्याचं हे फळ? मग संताप ओसरला आणि खाली नुसतं दुःख उरलं. जिल्हाभर ज्या एकोप्याची दवंडी पिटली, तो ही बाई सतरा वर्षं मुळामागे दबून राहिली म्हणून होता. दिसत होतं, पण बघायला ती कधी थांबलीच नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं चारूपासून लपवले नाहीत.

पण बाई होती खमकी. रडत बसणं तिच्या रक्तात नव्हतं. उठली, आत गेली, फिल्टर उघडला आणि कोळशाची थबथबलेली पिशवी कुरणे सिस्टरच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“हे माझं पाप. आठ तारखेपासूनचे आकडे खोटे आहेत.”

सिस्टरचा चेहरा लाल झाला. “आणि मी ते माझ्या सहीनं वर पाठवत होते!”

“माझं नाव घालून कळवा. चारूला यातलं काही विचारू नका, लबाडी माझी. उद्यापासून पुन्हा मोजा.”

सिस्टरनी कॅलेंडर ओढलं. “उद्या चौदा. एकवीस दिवस म्हणजे चार डिसेंबर. पुढे फक्त दोन दिवस हातात राहतात. एकदा जरी आकडा वीसच्या वर गेला, तर...”

“नाही जाणार. मी इथं पाऊल टाकणार नाही. टाकी चारू बघेल.”

नर गुरामी परत आपल्या जागी गेला. आणि वैजयंतीचे एकवीस दिवस सुरू झाले. कसले दिवस काढले बाईनं! सकाळचे दहा वाजले की पाय आपोआप स्कूटरकडे वळायचे. मग ती दुकानातल्या टाक्यांच्या काचा पुसायची, पुसलेल्या पुन्हा पुसायची. मोबाइलवर आकडा यायचा: नऊ, अकरा, आठ. कोळसा नसताना. तिला आनंद व्हायचा आणि त्या आनंदात एक काटाही असायचा, कारण प्रत्येक लहान आकडा तिच्या तिथं नसण्याचा होता.

दहाव्या दिवशी आकडा चौदा झाला. अकराव्या दिवशी सतरा. बाराव्या दिवशी सकाळी एकोणीस. वैजयंतीनं सिस्टरना फोटो पाठवायला लावला आणि तो मोठा करून बघितला. क्रिप्टोकोरिनची पानं विरघळत होती. या झाडाला जागा बदललेली सोसत नाही. पानं पाण्यात विरतात, कुजतात, पाणी बिघडतं. तिनंच ती रोपं उपटून लावली होती. दोष तिचा आणि शिक्षा टाकीला.

कात्री आणि चिमटा पिशवीत टाकून ती निघाली. सगळी रोपं मुळासकट काढायची, निम्मं पाणी बदलायचं, झटपट. रुग्णालयाच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि तिचं पाऊल अडलं. आत गेलं की मासे मुळामागे जाणार, आणि एकोणीसचे एकवीस व्हायला कितीसा वेळ? तिथंच उभं राहून तिनं फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चारूला विचारलं, “तू काय करायचं म्हणतेस?”

“मी? काही नाही. खाणं निम्मं केलंय. रोज दोन बादल्या पाणी बदलते, सुटलेली पानं तेवढी काढते. मुळं जिवंत आहेत, अक्का. ती उपटली तर तळातली सगळी घाण वर येईल.”

“एकोणीस झालाय.”

“दिसतंय मला.” मग चारूनं विचारलं, “तुम्ही कुठं आहात?”

“दुकानात.”

“दुकानात अँब्युलन्सचा भोंगा वाजतोय?”

वैजयंती ओशाळली. “जाते मी,” म्हणाली आणि खरंच गेली. त्या दिवशी आकडा एकोणीसवरच थांबला. दुसऱ्या दिवशी सोळा. आणखी चार दिवसांनी दहा.

चार डिसेंबरला दाखला आला. वॉर्डप्रमुख डॉक्टर इनामदार बाई स्वतः आल्या. मगदूम सरांनी खाटेवरून मोकळ्या हातानं मांडीवर टाळी वाजवली. वैजयंती दारातच थांबली होती, टाकीपासून लांब. सगळे मासे पुढच्या काचेशी होते. इतकी सुंदर टाकी आपल्या हातून कधी झाली नव्हती, हे तिनं मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

“वैजयंतीबाई,” डॉक्टर तिच्याकडे वळल्या, “आता मुलांच्या वॉर्डातही अशीच टाकी हवी. तुम्ही दोघी कधीपासून सुरू करताय?”

वैजयंतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी चारू बोलली.

“ती मी करते, डॉक्टर. एकटी. अक्का त्यात नकोत.”

कुरणे सिस्टर उगाच कागद चाळायला लागल्या. वैजयंतीचे कान तापले. चार माणसांत, अशी धडधडीत! जिभेवर शब्द आले सुद्धा. पण चारूकडे बघितलं, तर ती दचकलेली नव्हती. ताठ उभी होती, हात जागच्या जागी, आणि नजर वळवली नव्हती. वैजयंतीला फार लागलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखंही झालं.

“बरं,” ती म्हणाली. “तिचीच टाकी ती. तीच करेल.”

बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि पोटभर रडली. मग नळावर तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि स्कूटर काढली. विश्रामबागच्या चौकापर्यंत गेली असेल, तेवढ्यात फोन वाजला. चारू होती.

“अक्का, एक विचारायचं होतं. मुलांच्या वॉर्डात टाकी खिडकीसमोर ठेवा म्हणतायत. मला नाही पटत. तुमचं काय मत?”

वैजयंतीकडे उत्तर तयार होतं. उत्तर तिच्याकडे नेहमीच तयार असायचं. तिनं स्कूटर कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

“तुला का पटत नाही ते आधी सांग,” ती म्हणाली.

चारू सांगायला लागली. चांगली दहा मिनिटं सांगत राहिली, आणि वैजयंतीनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.